सकाळचं काळीज, दुपारचं काळीज

मी इको मशीन बोलतेय. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात मी उभी असते. साबणाच्या वडीएवढा प्रोब माणसाच्या छातीवर ठेवायचा आणि आत हृदय कसं चाललंय ते पडद्यावर दाखवायचं, एवढंच माझं काम. कुणी मला हृदयाची सोनोग्राफी म्हणतात, कुणी नुसतं 'इको'. हे काम मी चौदा वर्षं केलं.

माझा जन्म बंगळुरूजवळच्या एका कारखान्यातला. पांढरे कोट घातलेल्या मुलींनी माझे भाग जोडले, पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या तारा मला दाखवल्या आणि मी त्या बरोबर ओळखल्यावर माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. तेव्हा मला वाटलं, जगात बघण्यासारख्या गोष्टी म्हणजे पाणी आणि तारा.

सोलापुरात आले ती टेम्पोतून. हमालांनी मला फ्रीज समजून आडवं केलं. आत नेल्यावर ट्रॉलीवर कुंकवाची पाच बोटं उमटली आणि माझ्या पुढच्या चाकावर नारळ फुटला. त्या नारळाचं पाणी बटणांत जाईल म्हणून एका माणसानं घाईघाईनं आपला रुमाल माझ्यावर पसरला. तो अनिलकुमार यन्नम, आमचा टेक्निशियन. तेव्हा त्याचं नवीन लग्न झालं होतं. आता त्याची थोरली लेक सातवीला आहे.

चौदा वर्षांत मी माणसं पुष्कळ पाहिली. पुरुष छाती उघडी करताना पोट आत ओढतात. बायका आधी मंगळसूत्र बाजूला सरकवतात आणि मग मुठीत घट्ट धरून ठेवतात. श्वास रोखा असं कुणी सांगितलेलं नसतं, तरी सगळे रोखतात. काहीजण पडद्याकडे एकटक बघतात, काहीजण भिंतीकडे तोंड करतात. आणि दर दोन दिवसांनी एकजण तरी विचारतो, "आत बायकोचा फोटो दिसतो का हो?" अनिलकुमार हे हजारदा ऐकलेलं असूनही प्रत्येक वेळी हसतो. घाबरलेल्या माणसाचा विनोद वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी तळमजल्यावर नवीन मोठी मशीन आली. तिचा पडदा रुंद, चित्र स्वच्छ. बाहेरून येणारे पेशंट तिच्याकडे जाऊ लागले. मला वर आणलं, कारण मी अंगानं लहान आणि ढकलून नेण्याजोगी. आयसीयूतल्या ज्या पेशंटला हलवता येत नाही, त्याच्या खाटेपाशी मला न्यायचं असं ठरलं. प्रत्यक्षात महिन्यातून चार-पाचदा मला कुणी हात लावायचं. एरवी माझ्या डोक्यावर फायली असायच्या, कधी सिस्टरांच्या डब्याची पिशवी. मागच्या चाकात बँडेजचा दोरा अडकला तो तसाच राहिला. प्रोबमधली एक तार तुटली आणि माझ्या चित्रात डाव्या कडेला एक काळी उभी पट्टी यायला लागली. माणसाच्या डोळ्यात फूल पडतं, तसंच म्हणा. प्रोब थोडा कलता धरला की पट्टीआडचं दिसायचं, पण ते माहीत असलेला हात लागायचा. तो अनिलकुमारचा होता, आणि डॉक्टर उर्वी मंद्रूपकरांचा.

उर्वी मॅडम आमच्या हृदयरोगतज्ज्ञ. वय छत्तीस-सदतीस, बोलणं कमी. माझ्या डोक्यावरचा डबा न चिडता उचलून बाजूला ठेवणाऱ्या त्या एकट्याच.

आता त्या दिवसाचं सांगते. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. सकाळी सात वाजता अनिलकुमार आला, माझ्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढलं, आणि दोरा अडकलेलं चाक फरफटत मला आयसीयूत नेलं.

तिथे महेश्वर होता. सोलापूरजवळच्या होटगीचा. वय तेहेतीस. गावात त्याचं शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. तीन दिवसांपूर्वी सांगोल्याकडे एका डाळिंबवाल्याची बंद पडलेली मोटार बघून परत येताना गाडीपुढे कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. डोक्याला मार लागला तो आतून. त्याच्या हातांच्या नखांत अजून तांब्याच्या तारेवरचं काळपट वार्निश होतं.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांच्या मंडळानं त्याच्या मेंदूची तपासणी केली. नियमाप्रमाणे मधे अंतर ठेवून पहाटे सहाला दुसऱ्यांदा केली. दोन्ही वेळा उत्तर एकच. मेंदू मृत झाला होता. छाती वरखाली होत होती ती व्हेंटिलेटरमुळे.

रुग्णालयात अवयवदानाचं काम बघणारे मुकुंद देशमुख घरच्यांशी बोलले. हे बोलणं माझ्यासमोर झालं नाही, पण नंतर त्यांनीच उर्वी मॅडमना सांगितलेलं मी ऐकलं. महेश्वर या विषयावर घरात कधीच काही बोलला नव्हता. त्याची बायको धनलक्ष्मी आधी सासऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुकानात जळालेली मोटार आली की ते आधी बघायचे, ह्यातलं दुसऱ्या मोटारीला काय चालंल. मला वाटतं, ते नको म्हणले नसते." तिनं सही केली. सासऱ्यांनीही मान डोलावली.

आता माझं काम होतं. मूत्रपिंडं आणि यकृत चांगली असल्याचं रक्ताच्या तपासण्यांनी सांगितलं होतं. हृदयाचं मात्र बघावंच लागतं. दुसऱ्याच्या छातीत बसवल्यावर त्याला पहिल्या ठोक्यापासून सगळा भार उचलायचा असतो.

उर्वी मॅडमनी प्रोबवर जेल घेतलं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाची फुप्फुसं हवेनं फुगलेली असतात, हृदय त्यांच्याआड लपतं. म्हणून त्यांनी बरगड्यांखालून, पोटाच्या बाजूनं वर बघितलं. मी दाखवलं. झडपा स्वच्छ. कप्प्यांमधल्या पडद्यात भोक नाही. भिंतींची जाडी नीट. कुठे गाठ नाही, पाणी नाही. इतकं देखणं हृदय मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. पण ते हलत होतं कसं? पेंगुळल्यासारखं. चारी भिंती आत यायच्या, पण पुरत्या यायच्या नाहीत.

डाव्या कप्प्यात शंभर थेंब रक्त भरलं, तर एका ठोक्याला त्यातले किती बाहेर जातात, असा एक आकडा आम्ही काढतो. धडधाकट माणसाचा पंचावन्न-साठच्या आसपास असतो. महेश्वरचा आला पस्तीस.

मॅडमनी पुन्हा मोजलं. छत्तीस. तिसऱ्यांदा, पस्तीस.

"पट्टीमुळे तर नाही?" अनिलकुमारनं हळूच विचारलं.

"कलता धरूनच मोजलं," त्या म्हणाल्या, पण पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत राहिल्या. मला त्या क्षणी कुठे तोंड लपवावं असं झालं.

पुण्यात ज्या पेशंटच्या नावावर हे हृदय लागलं होतं, त्याच्या सर्जनना मुकुंदरावांनी फोन लावून दिला. मॅडमनी आकडे सांगितले. पलीकडचा माणूस सभ्य होता. पस्तीसवर घेता येणार नाही, म्हणाला. सुधारलं तर जरूर कळवा, पण दोन वाजेपर्यंत. त्यानंतर आमची टीम विमानानं येऊन अंधार पडायच्या आत परत उडू शकणार नाही. शेवटी त्यानं विचारलं, "इको कुठल्या मशीनवर केलाय?" मॅडमनी माझं नाव आणि साल सांगितलं. त्यानं साल पुन्हा एकदा विचारून घेतलं.

माझी बॅटरी उतरली होती, म्हणून मला बाहेरच्या पॅसेजमध्ये प्लगला लावून ठेवलं. समोरच्या बाकावर महेश्वरच्या घरची माणसं बसली होती. वडील शरणप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले कीमन. तीस वर्षं होटगीच्या पुढेमागे रुळांवरून चालत, रूळ घट्ट धरणारी एकेक चावी हातोडीनं ठोकून बघितलेला माणूस. आई सावित्रम्मा. धनलक्ष्मी. आणि शरणप्पांचे थोरले भाऊ सिद्धप्पा, जे सकाळच्या गाडीनं आले होते.

मॅडम त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. उभ्यानं वाईट बातमी सांगायची नाही, ही त्यांची सवय.

"काका, महेश्वरचं हृदय रचनेनं चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण आत्ता त्याला जोर नाही. या अवस्थेत पुण्याचे डॉक्टर ते घेऊ शकत नाहीत."

सावित्रम्मा भिंतीकडे बघत होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "माझ्या लेकाचं काळीज नापास केलं म्हना की."

"नाही आई. मेंदू बंद पडताना शरीरात रसायनांची शेवटची एक लाट उसळते. त्या लाटेचा दणका हृदयाला बसतो आणि ते बधिर होतं. शिवाय रक्तदाब टिकवायला आम्ही जी औषधं देतोय, त्यांचाही त्याच्यावर ताण आहे. कधीकधी काही तासांत ते सावरतं. आम्ही औषधं बदलून, काही हार्मोन देऊन प्रयत्न करू शकतो, आणि दुपारी पुन्हा बघू शकतो. पण सावरेलच, असं मी सांगू शकत नाही."

"आन न्हाय सावरलं तर?" सिद्धप्पांनी विचारलं.

"तर बाकीचे अवयव घेऊ. पण मग तुम्हाला महेश्वर संध्याकाळपर्यंत मिळणार नाही. आत्ताच सुरू केलं तर दोनपर्यंत मिळेल."

सिद्धप्पा भावाकडे वळले. "शरणा, आता कशाला थांबायचं? दिवस मावळायच्या आत माती झाली पायजे. तितं खड्डा खणून तयार हाय, स्वामी येऊन बसल्यात, पावणं उन्हात उभं हायेत. किडनी-बिडनी काय घ्यायचं ते घेऊ दे. जे न्हाय म्हनाल्यात त्याच्यासाठी पोराला आनि किती ताटकळत ठेवायचं?"

चुकीचं ते काही बोलले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना पुतण्याला लवकर घरी न्यायचं होतं.

शरणप्पा उठून माझ्यापाशी आले. माझ्या पडद्याकडे, प्रोबच्या वायरीकडे, दोरा अडकलेल्या चाकाकडे त्यांनी नीट बघितलं. एखादा कारागीर दुसऱ्याच्या हत्याराकडे बघतो तसं.

"मॅडम, हे यंत्र जुनं दिसतंय."

"जुनं आहे," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर दावतंय का? आमचा गेज असायचा, रुळाचं अंतर मोजायचा. तो आमी अधनंमधनं तपासून घ्यायचो. गेजच चुकीचा आसंल तर रुळाला दोष देऊन काय उपेग?"

अनिलकुमार खाली बघायला लागला. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. "तपासून सांगते," त्या म्हणाल्या.

मग शरणप्पा भावाकडे वळले. "अण्णा, भर उन्हात रूळ तापून फुगतो. तवा घेतलेलं माप आमी धरत नव्हतो. गार होऊ द्यायचं, परत मोजायचं. तवाबी वाईट आलं तर मग वाईट. एका मापावर रूळ काढून टाकलेला मी कदी बघितला न्हाय."

"हे रूळ न्हाय, शरणा. पोरगं हाय आपलं."

"व्हय. म्हनून तर."

मग सिद्धप्पांनी खिशातला फोन काढला आणि होटगीला कुणालातरी कानडीत सांगितलं की माती उद्या सकाळी, पाहुण्यांना जेवायला घाला. बोलणं संपताना ते म्हणाले, "आयतु," आणि फोन ठेवून तोंडावर उपरणं घेतलं. आयतु म्हणजे झालं, ठरलं.

मला शेजारच्या खोलीत नेलं. अनिलकुमारनं शर्ट काढला आणि स्वतःच बाकावर आडवा झाला. चौदा वर्षांत मी त्याच्या हातात हजारो तास घालवले होते, पण त्याचं स्वतःचं हृदय कधी पाहिलं नव्हतं. त्यानंही पोट आत ओढलं. मॅडमनी मोजलं. एकसष्ट. मग दोघं तळमजल्यावर गेले, नवीन मशीनवर पुन्हा तेच केलं आणि दहा मिनिटांत परत आले.

"खाली साठ आला," अनिलकुमार शर्टाची बटणं लावत म्हणाला. "ही बरोबर आहे, मॅडम."

चौदा वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. पण त्याचा आनंद मला फार वेळ झाला नाही. मी बरोबर, म्हणजे सकाळचा पस्तीसही बरोबर. माझ्या डोळ्यातल्या फुलावर ढकलून मोकळं होता येणार नव्हतं. ते हृदय खरोखरच दमलेलं होतं.

मॅडमनी बाहेर जाऊन शरणप्पांना तसंच सांगितलं. "यंत्र नीट आहे, काका. सकाळचं माप खरं होतं."

"बरं," ते म्हणाले. "मग आता बघायचं काय हुतंय."

पुढचे पाच तास मी पॅसेजमध्येच होते. दार उघडलं की आतली खाट दिसायची. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी काहीतरी लिहून घेत होत्या. रक्तदाबाच्या औषधाचा पंप मॅडम थोडा कमी करायच्या, उभ्या राहून मॉनिटरकडे बघायच्या. दाब टिकला की आणखी थोडा कमी. एकदा तो घसरला. तेव्हा त्यांनी पंप पुन्हा वाढवला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. बाकावर धनलक्ष्मीनं सासूपुढे चहाचा कप धरला, "अव्वा, घ्या की." सावित्रम्मांनी कप हातात घेतला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. सिद्धप्पा जिन्यापर्यंत जाऊन परत येत. शरणप्पा हलले नाहीत.

एक वाजून चाळीस मिनिटांनी मला पुन्हा आत नेलं.

या वेळी मॅडमनी एक वेगळी गोष्ट केली. "आधी तू मोज," त्या अनिलकुमारला म्हणाल्या, "आकडा मला सांगू नकोस, कागदावर लिही. मग मी मोजते." माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसायला लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. मला तसा धोका नसतो. मला काही वाटलं तरी मी दाखवते ते समोर असतं तेच.

प्रोब टेकला. मी बघितलं. तीच भिंत, तेच कप्पे, त्याच झडपा. पण भिंती आता आत येत होत्या त्या मूठ वळावी तशा, आणि सुटत होत्या पुरत्या. अनिलकुमारनं मोजलं, कागदावर लिहिलं, कागद पालथा ठेवला. मॅडमनी मोजलं. मग दोन वेगळ्या बाजूंनी पुन्हा मोजलं.

"माझा पंचावन्न," त्या म्हणाल्या.

अनिलकुमारनं कागद उलटा केला. त्यावर चोपन्न लिहिलेलं होतं.

माझ्या पडद्यावरच्या हलत्या चित्रफिती मॅडमनी पुण्याला पाठवल्या. सकाळची आणि दुपारची, दोन्ही. दहा मिनिटांनी फोन आला. मॅडमनी ऐकलं, "हो" म्हणाल्या, पुन्हा "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मुकुंदराव त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"घेतायत," त्या म्हणाल्या. "टीम निघतेय."

त्या पॅसेजमध्ये आल्या, पुन्हा स्टूल ओढून बसल्या. "जोर आला, काका. पुण्याला जाणार."

शरणप्पांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढला आणि चष्म्याच्या काचा पुसत बसले. धनलक्ष्मीनं पदराचं टोक तोंडात धरलं. सिद्धप्पा भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सावित्रम्मा भिंतीकडेच बघत होत्या. त्यांना ते खरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही.

त्यानंतरचं मी ऐकलेलं सांगते, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये मला नेलं नाही. संध्याकाळी पोलिसांनी होटगी रस्ता विमानतळापर्यंत मोकळा करून दिला. हृदयाची निळी पेटी घेऊन रुग्णवाहिका गेली तेव्हा घरची माणसं फाटकाशी उभी होती. सोलापुरातून ज्या रस्त्यानं महेश्वर घरी जायचा, त्याच रस्त्यानं ती गेली. मूत्रपिंडं आणि यकृत आणखी तिघांना मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी होटगीत माती झाली. आणि दोन-अडीच आठवड्यांनी मुकुंदरावांनी येऊन सांगितलं की पुण्याचा पेशंट स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला. नाव, गाव सांगायचं नसतं. त्यांनीही सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, माझ्यापुरती गोष्ट इथं संपली.

एप्रिलअखेरीस शरणप्पा आणि सावित्रम्मा कुठल्याशा दाखल्यासाठी रुग्णालयात आले. काम झाल्यावर शरणप्पा जिन्याकडे निघाले, पण सावित्रम्मा थांबल्या. उर्वी मॅडम समोरून येत होत्या.

"बाई, एक विचारू का?" सावित्रम्मा म्हणाल्या. "खरं सांगायचं."

"विचारा की, आई."

"गावात बाया म्हनत्यात, काळीज खराब निघालं, म्हनून दिवसभर ठेवून घेतलं. माझ्या तोंडावर कोन म्हनत न्हाय. पन माझ्या कानावर येतंय. ह्यांनी मला लई सांगितलं, पंचावन्न आलं, पंचावन्न आलं. मला आकडा काय कळतोय?"

शरणप्पा ओशाळून म्हणाले, "चल गं, मॅडमना काम आसतंय."

मॅडमनी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी माझ्यावरच्या फायली उचलून खिडकीत ठेवल्या, प्लग लावला आणि माझ्यासमोर सावित्रम्मांसाठी खुर्ची सरकवली. माझ्या पोटात त्या दिवसाच्या चित्रफिती अजून होत्या. मॅडमनी दुपारची लावली.

करड्या पडद्यावर महेश्वरचं हृदय हलायला लागलं. मॅडमनी बोटानं दाखवलं, "ही भिंत. ही झडप. इथून रक्त बाहेर जातं."

सावित्रम्मा पुढे वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला. त्यांनी तो पदरानं पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हे दुपारचं व्हय?"

"हो."

"सकाळचंबी दावा."

मॅडमनी सकाळची चित्रफीत शेजारी लावली. डावीकडे पस्तीसचं हृदय, उजवीकडे पंचावन्नचं. आकडे कोपऱ्यात होते, पण सावित्रम्मांना वाचता येत नव्हतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे. पॅसेजमधून माणसं जात-येत होती. कुणाला तरी वाटलं असेल, म्हातारीचाच इको चाललाय.

"दमलंय की हे," अखेर त्या डाव्या बाजूला बोट दाखवून म्हणाल्या. "खराब न्हाय. दमलंय." मग शरणप्पांकडे वळल्या. "दुकानातनं आला की असाच पडायचा न्हवं सोप्यात घटकाभर? हाक मारली तरी हूं म्हनायचा न्हाय. मंग उठायचा, तोंड धुवायचा आन जेवायला बसायचा."

शरणप्पा "व्हय" म्हणाले.

"परत लावा बाई," सावित्रम्मा म्हणाल्या. "दुपारचं."

मॅडमनी तीन वेळा लावली. चौथ्यांदा सावित्रम्मांनीच हातानं पुरे अशी खूण केली, उठल्या, आणि जाता जाता माझ्या कडेवरून हात फिरवला. म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा, सवयीचा, जड हात.

आता माझं आजचं. माझ्या कपाळावर एक पांढरा कागद चिकटवलाय. त्यावर 'निर्लेखन' असं लिहिलंय, म्हणजे मला मोडीत काढणार. जुनी यंत्रं बघायला कमिटी सोमवारी यायची आहे. मला वाईट वाटत नाही. काळ्या पट्ट्या आता एकीच्या दोन झाल्यात. कलता धरूनही पट्टीआडचं सगळं दिसत नाही, आणि ज्या कामात एका मापावर कुणाचं तरी आयुष्य ठरतं, तिथं असल्या डोळ्यांनी उभं राहू नये. जाण्याआधी माझी स्मृती पुसली जाईल. तोही नियमच आहे आणि बरोबर आहे.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. तुमच्या हृदयाचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तो अधिकार यंत्राचा नाही. पण जे काही वाटत असेल, ते घरात एकदा बोलून ठेवा. जेवताना बोला, टीव्ही बघताना बोला. हो म्हणा नाहीतर नको म्हणा. धनलक्ष्मीला त्या बाकावर बसून, जळालेल्या मोटारींवरून, नवऱ्याच्या मनातलं ओळखावं लागलं. तिनं बरोबर ओळखलं असेल. पण ती अजूनही कधीतरी मुकुंदरावांना फोन करून विचारते, मी बरोबर केलं ना?

अनिलकुमारनं काल माझं मागचं चाक उलटं करून त्यातला दोरा काढला. कात्रीनं, हळूहळू, अर्धा तास बसून. "आता कशाला?" सिस्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "नेताना फरफटत नको न्यायला."

चाक आता मोकळं फिरतं. सोमवारपर्यंत मी इथेच आहे. कुणाला गरज पडली तर बटण दाबून बघा. मी अजून चालू होते. थोडा वेळ लागतो, एवढंच.